ज्यानं कागद वाचला

माझ्या बाबांना वाचता येतं हे मला नववीत कळलं, इतिहासाच्या पेपराला आठ दिवस राहिले असताना.

तोवर माझ्या लेखी ते अंगठा लावणारे होते. रेशनच्या कागदावर अंगठा, बँकेत अंगठा, माझ्या प्रगतिपत्रकावर अंगठा. पाचवीत हायस्कुलात नाव घालायला ते माझ्यासोबत आले, तेव्हा ऑफिसातल्या बाबूंनी न विचारता निळ्या शाईचा पॅड पुढे सरकवला आणि मागे उभ्या असलेल्या दोन मुली हसल्या. त्या दिवसानंतर मी त्यांना शाळेत येऊच दिलं नाही. पालक सभेचा कागद आला की तो दप्तरातच राहायचा. आईनं विचारलंच तर म्हणायची, "काही खास नाही, नाही गेलं तरी चालते." आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, हे जास्त वाईट.

आमचं गाव पुनर्वसनाचं. जुनं गाव वैनगंगेच्या काठाला होतं, ते धरणाच्या पाण्यात गेलं. मी जन्मले ती नव्या गावातच. इथले रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आणि प्लॉट एकसारखे. फक्त आमची ओळ खाली, नाल्याच्या अंगाला. पावसाळ्यात दोन-तीनदा तरी पाणी घरापुढच्या छपरीच्या पायरीला लागायचं, एखाद्या साली चुलीपर्यंत यायचं. आम्हा पोरांना त्याचं काही वाटत नसे. कोणाचं घर शाळेजवळ असतं, कोणाचं लांब, तशी आमची ओळ खाली. असं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

बाबा मासे धरायचे. पहाटे डोंगा घेऊन धरणाच्या पाण्यावर जायचे, सकाळी परत येऊन मासे पवनीच्या बाजाराला जाणाऱ्या टेम्पोत टाकायचे, आणि मग छपरीत बसून जाळं विणायचे. फाटलेलं जाळं सांधणं हे रोजचंच काम. मीही त्याच छपरीत अभ्यास करायची. मला पाठांतराची एकच रीत ठाऊक होती. पुस्तक समोर उघडं टाकायचं, डोळे मिटायचे, मागेपुढे झुलायचं आणि मोठ्यानं म्हणत राहायचं. अडलं की डोळे उघडायचे.

तो रविवार होता. 'इतिहासाची साधने' चालू होती. लिखित साधने, भौतिक साधने, मौखिक साधने. लिखित साधनांची यादी मी त्या सकाळी निदान वीस वेळा म्हटली असेल. वर्तमानपत्रे, पत्रव्यवहार, रोजनिशी, टपाल तिकिटे. म्हणता म्हणता बाबा सहज बोलले, "एक सोडून राहिली तू. राजपत्र."

मी डोळे न उघडताच म्हटलं, "हाव, राजपत्र," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वर्तमानपत्रे, राजपत्र, पत्रव्यवहार. तिथंच माझी जीभ थांबली.

मी डोळे उघडले. पुस्तकाच्या त्या पानावर चहाचा डाग पडला होता, नेमका त्या ओळीवर. डागाखालचा शब्द मला कधी नीट दिसलाच नव्हता, म्हणून मी तो पहिल्या दिवसापासून गाळत होते. त्याआधी मी तो शब्द एकदाही बोलले नव्हते. माझ्या झुलण्यानं पुस्तक सरकत बाबांच्या बाजूला गेलं होतं. मी वाकून पाहिलं. डागाखाली, नीट निरखलं तर, 'राजपत्र' असं लिहिलं होतं.

"बाबा, तुमाले वाचता येते?"

त्यांच्या हातातली सुई जाळ्यात अडकून राहिली. "आयकून आयकून पाठ झालं," ते म्हणाले.

"पण मी तो शब्द बोललीच नाही कधी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जाळं गोळा केलं, खुंटीला टांगलं, चपला घातल्या आणि नाल्याच्या बाजूनं चालू लागले. मी तशीच बसून राहिले. एखादा माणूस मेल्याची बातमी येते तेव्हा हातपाय थंड पडतात, तसं झालं होतं. बातमी वाईट नव्हती. पण ज्या माणसाजवळ मी चौदा वर्षं जेवले, झोपले, तो मला माहीत असलेला माणूस नव्हता.

आई त्या दिवशी दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, लवकर येणारं हलकं धान कापायला गेली होती. मी तडक तिकडे गेले. बायका दुपारचं जेवून बसल्या होत्या. मी आईला बाजूला, शेताच्या कडेच्या धुऱ्यावर नेलं आणि विचारलं.

तिनं पहिल्यांदा उलट मलाच विचारलं, "कोनं सांगतलं तुले?"

"त्याईनं पुस्तकातलं वाचलं. माह्यासमोर."

ती बराच वेळ विळ्याच्या पात्याला चिकटलेला चिखल नखानं काढत राहिली. मग म्हणाली, "दहावी पास आहेत तुये बाबा. जुन्या गावात आपल्या पूर्ण ओळीत एकलेच."

मी तिच्याजवळ धुऱ्यावर बसले.

तिनं जे सांगितलं ते असं. जुन्या गावात कोणाकडे कागद आला की लोक बाबांकडे यायचे. नोटीस असो, मनिऑर्डर असो, दवाखान्याची चिठ्ठी असो, बाबा वाचून सांगायचे. पुनर्वसनाचा कागद आला तेव्हाही आमच्या ओळीतली चौदा घरं चिंचेखाली बसली आणि बाबांनी उभं राहून कागद वाचला. कागद दोन पानांचा होता. पहिल्या पानावर गाव कुठं वसणार, कधी सोडायचं, हे होतं. दुसऱ्या पानावर होतं की कोणत्या भागातला प्लॉट पाहिजे त्याची खूण करून पंधरा दिवसांत कागद परत द्यायचा, नाहीतर जो उरेल तो मिळेल. बाबांनी पहिलं पान वाचलं आणि दुसऱ्या पानावर काही नाही म्हणाले. बाकीच्या ओळींनी खुणा केल्या. आमच्या ओळीनं नाही केल्या. जे उरलं ते आम्हाला मिळालं.

"कागदात चूक नोती," आई म्हणाली. "सगळं लिहून होतं."

"मंग लोकं भांडले?"

"कोनी एक शब्द बोललं नाही. भांडले असते तं बरं झालं असतं." ती थांबली. "पहिल्याच साली पाणी आलं. शेजारच्या घरी आबा होते, मोठेबाबाचे वडील. चालता येत नोतं त्याईले. खाटेवर उचलून बाहेर काढलं, कमरेइतक्या पाण्यातून. मंग ताप आला. दिवाळीच्या आत गेले. आता ते पाण्यानंच गेले असं कसं म्हनू, वय झालंच होतं. पर तुये बाबा तवापासून कागदाले हात लावत नाही. लोकाईले सांगते, डोळे गेले."

"आनं मले काहून नाही सांगतलं? मले खोटं काहून सांगतलं?"

आईनं माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "तुले कोनं खोटं सांगतलं? तुले कोनी काहीच सांगतलं नाही. तूच समजली."

हे खरं होतं. मी परत येताना रस्ताभर आठवून पाहिलं. बाबा अडाणी आहेत असं मला घरात कोणीच, कधीच म्हटलं नव्हतं. शाईचा पॅड पाहून मीच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत इतिहासाचे सर म्हणाले, "मौखिक साधनांवर चार गुणांचा प्रश्न येणार, हे मी आताच सांगून ठेवतो. पण पुस्तकातलं घोकून लिहिलं तर दोनच देईन. गावातली एखादी घटना घ्या. तीन जणांना एकच प्रश्न विचारा. काय सांगतात ते वहीत उतरवा आणि तेच उदाहरण पेपरात लिहा."

मुलींनी आपसांत विषय वाटून घेतले. कोणी गावच्या तलावाची कहाणी घेतली, कोणी शाळा कशी सुरू झाली ते. माझा प्रश्न ठरला होता. आपली ओळ खाली कशी आली?

पहिल्यांदा मी शेजारी गेले. शेजारचे मोठेबाबा नात्यानं आमचे कोणी नाहीत, पण बाबांपेक्षा वयानं मोठे, म्हणून आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणतो. आबा त्यांचेच वडील. मी भीत भीत विचारलं आणि ते हसले.

"कशी आली म्हनजे? चिठ्ठ्या टाकल्या ना. मीच काढली आमची चिठ्ठी." त्यांनी हवेत हात घालून, डब्यातून चिठ्ठी उचलल्यासारखी करून दाखवली. "नशीब आपलं. कोनाले काय म्हनाचं?"

"कागद आला होता ना? कोनी वाचला होता?"

"कागद? नाही बाप्पा. कागदबिगद काही नोता."

मी वहीत लिहून घेतलं.

मग ओळीतल्या किराणा दुकानवाल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, कागद होता, एकाच पानाचा होता, आणि जीपमधून आलेल्या साहेबानं स्वतः वाचून दाखवला होता. साहेबानं काळा चष्मा घातला होता हेही त्यांना आठवत होतं.

तिसरी ओळीच्या टोकाची म्हातारी. ती झिंगे, म्हणजे बारकी कोळंबी, वाळत घालत होती. माझा प्रश्न ऐकून ती म्हणाली, "तुयाच बापानं वाचला. काय वाचे बाप्पा, रेडिओसारखा! आतासा नाही वाचत काहून?" 

माझा जीव थोडा भांड्यात पडला. निदान एकीला तरी आठवतंय. मी म्हटलं, "आनं दुसरं पान? दुसऱ्या पानाचं काय झालं?"

"कोन्तं दुसरं पान? आमीच म्हनलं, आमाले पाण्याजवळ पाह्यजे, डोंगे ठेवाले बरं. मांगून घेतली आमी ही जागा."

तीन माणसं, तीन गोष्टी. एकाही गोष्टीत बाबांची चूक नव्हती. मी वही मिटली तेव्हा मला वाटलं, माझ्या हातात सोनं लागलं आहे. हे ऐकून बाबा मोकळे होतील. ज्या गोष्टीसाठी त्यांनी वाचणं सोडलं, ती गोष्ट कोणाच्या ध्यानातही नाही.

गुरुवारी सकाळी ते काठावर डोंगा उपडा घालून त्याच्या फटींत डांबर भरत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आईनं काय सांगितलं ते, मग तिघांनी काय सांगितलं ते. वहीतून वाचूनच दाखवलं, म्हणजे मी माझ्या मनचं सांगते असं त्यांना वाटू नये.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "चिठ्ठी काढली म्हनते तो?"

"हाव. हातानं करून दाखवलं."

"चिठ्ठी." त्यांनी डांबराची काडी डब्यात टाकली. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी एक पाऊल मागे सरले. "त्याच्या बापाची खाट चौघानं उचलली होती. खाटेचा एक पाय माह्या खांद्यावर होता. आबा सरकून सरकून माह्याच आंगावर येऊन राहिले होते. सगळं पाणी, आनं वरून पाऊस. आनं हा म्हनते चिठ्ठी काढली?"

"म्हनजे तुमच्यावर कोनाचा राग नाही बाबा. कोनाले आठवतच नाही."

"कायले आठवन नाही?" ते ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच पाहत होते. काठावरची दोन माणसं वळून पाहू लागली. "कायले नाही आठवन? मी अंगठा लावून राहिलो इतके सालं, तो कोनासाठी? तू हसत होती ना माह्यावर? मले माहीत नाही काय, तू शाळेचे कागद लपवते ते?"

मी वही छातीशी धरून घरी पळत आले. त्यांना सगळं माहीत होतं. दप्तरातले कागदसुद्धा.

दोन दिवस आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. विज्ञानाचा पेपर झाला, भूगोलाचा झाला. मी लिहून आले, काय लिहिलं ते आठवत नाही. इतिहासाच्या आदल्या दिवशी दुपारी मी छपरीत पुस्तक घेऊन बसले होते, पण तोंडानं म्हणायची हिंमत होत नव्हती. बाबा बाहेरून आले, हातपाय धुतले, माझ्या समोर बसले आणि म्हणाले, "पुस्तक दे."

त्यांनी पुस्तक हातभर लांब धरलं आणि वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी अडखळल्या, मग सरळ रस्ता लागला. मी ते कसं सांगू? तो आवाजच त्यांचा नव्हता. घरात आम्ही सगळे 'मले-तुले' बोलणारे, आणि हा माणूस स्वच्छ, सावकाश, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत पुस्तकी मराठी वाचत होता. घरात कोणी अनोळखी पाहुणा येऊन बसावा तसं मला वाटत होतं. आई चुलीपाशी होती, ती दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात पिठाचा गोळा तसाच होता. त्यांनी धडा संपवला, मग एकेक प्रश्न विचारला. चुकलं तिथं थांबवलं. चार वाजेपर्यंत आमची उजळणी झाली. माझ्या वहीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, मीही नाही.

पेपरात तो प्रश्न आला. मी तिघांची तीन म्हणणी लिहिली. बाबांचं नाव घेतलं नाही. 'एका वृद्ध महिलेच्या सांगण्याप्रमाणे ओळीतील एका माणसाने कागद वाचून दाखवला,' इतकंच लिहिलं. एकाच घटनेबद्दल लोक वेगवेगळं सांगतात म्हणून मौखिक साधनं तपासून घ्यावी लागतात, असा शेवट केला. मला वाटलं, चारपैकी चार.

दिवाळीनंतर पेपर हातात मिळाले. त्या प्रश्नाला दोन गुण होते. खाली लाल शाईनं सरांनी लिहिलं होतं, 'उदाहरण चांगले. पण ज्याने कागद वाचला त्याचे म्हणणे कुठे आहे? त्याला विचारले का?'

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मी खरंच विचारलं नव्हतं. मी त्यांना दुसऱ्यांचं ऐकवलं होतं.

पेपर पालक सभेत दाखवायचे म्हणून सरांनी परत घेतले. सभेचा कागद मी त्या वेळी दप्तरात ठेवला नाही. चुलीच्या बाजूच्या फळीवर ठेवला. शनिवारी बाबांनी पांढरा शर्ट घातला. "दहा वाजता आहे ना?" इतकंच विचारलं. आम्ही त्यांच्या सायकलवर गेलो. मी मागे बसले होते, कॅरिअरचा दांडा घट्ट धरून.

आमच्या वर्गात सर टेबलाशी बसले होते. बाकांवर पाच-सहा पालक आपल्या पाळीची वाट पाहत होते. आमची पाळी आली तेव्हा सरांनी पेपरांचा गठ्ठा बाबांपुढे न ठेवता माझ्यापुढे ठेवला. त्यांनाही अंगठाच माहीत होता. म्हणाले, "वाच आणि बाबांना सांग."

बाबांनी गठ्ठा आपल्याकडे ओढला. इतिहासाचा पेपर काढला, पानं उलटली, आणि लाल शाईपाशी थांबून मोठ्यानं वाचलं, "उदाहरण चांगले. पण ज्याने कागद वाचला त्याचे म्हणणे कुठे आहे? त्याला विचारले का?" मग मान वर केली. "सर, हे तुमीच लिहिलं ना?"

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "हो. म्हणजे तिनं लिहिलंय छान. पण मुख्य माणूसच सोडला. आहे का तो माणूस? जिवंत आहे?"

"आहे ना सर," बाबा म्हणाले. "मीच होय तो."

बाबांनी खुर्ची घेतली नव्हती. ते चिंचेखाली उभे राहिले असतील तसेच, कागद हातात धरून उभे होते.

"दुसरं पान होतं सर. मी पाह्यलं होतं. ही पोरगी समजते, माह्या ध्यानात आलं नसन, हिची मायबी तसंच समजते. तसं नाही. मी मनातल्या मनात चार खेप वाचलं. अर्ध्या पानाचं एक वाक्य होतं. उपरोक्त, तदनंतर, विहित मुदतीत. शब्द वाचता येत होते, पर अर्थ लागत नोता. चौदा घरं माह्या तोंडाकडे पाहून राहिली होती. दहावी पास म्हनून उभं केलं होतं मले. कसं म्हनू, मले समजत नाही? म्हनलं, यात काही नाही."

मी त्यांच्या शेजारीच उभी होते आणि मला वाटत होतं, मी फार लांबून ऐकते आहे. इतकी वर्षं ते विसरण्याची, घाईची चूक भोगत नव्हते, 'समजत नाही' असं न म्हटल्याची भोगत होते.

सरांनी चष्मा काढला. हळूच म्हणाले, "अहो, ते कागद मलाही पुरते समजत नाहीत अजून."

"तुमी सर आहा," बाबा म्हणाले. "तुमाले चालते."

सरांनी लाल पेन उचललं, बहुधा गुण वाढवायला. बाबांनी हात मध्ये घातला. "राहू द्या दोनच. तिनं मले विचारलं नोतं, हे तं खरं होय."

मला वाटलं, इथं हे संपलं. पण घरी येऊन सायकल टेकवली आणि ते तसेच, पांढऱ्या शर्टात, शेजारी गेले. मोठेबाबा अंगणात धानाची पोती शिवत होते. मी आमच्या छपरीतून पाहत होते, ऐकू सगळं येत होतं. बाबांनी सरांना सांगितलं तेच, त्याच शब्दांत त्यांना सांगितलं.

मोठेबाबा म्हणाले, "मंग चिठ्ठी?"

"चिठ्ठी नोती. कोनीच काढली नाही."

मोठेबाबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाले, "तू जाय आता."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं. जे भांडण पाणी आलं तेव्हा झालं नव्हतं, आबा गेले तेव्हा झालं नव्हतं, ते माझ्या नववीच्या अभ्यासानं उकरून काढलं. समोरून आले की ते मान वळवायचे. दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांनी काट्यांचं कुंपण घातलं. आई बाबांवर चिडली होती. "त्याईच्या मनातून गेलं होतं ना, मंग कायले सांगतलं?" बाबा जेवत होते. म्हणाले, "आता त्याले माहीत आहे," आणि आणखी भात मागितला. त्या महिन्यात ते जितकं जेवले तितकं मी त्यांना कधी जेवताना पाहिलं नव्हतं. मी मात्र रोज ते काट्यांचं कुंपण दिसू नये म्हणून मान खाली घालून शाळेत जायची.

हे तीन महिने चाललं. माघातली एक सकाळ होती. मी छपरीत दुसऱ्या सत्राचा इतिहास वाचत होते, बाबा जाळं विणत होते. मोठेबाबा कुंपणाला वळसा घालून आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"एक विचाराचं होतं," ते बाबांना म्हणाले. "मले काहीच आठवत नाही आता. जे आठवे, तेबी खोटं निघालं. तू कागद वाचला तवा माहा बाप तिथं होता ना?"

"होते. चिंचेच्या बुडाशी बसून होते."

"मंग तो काही बोलला होता काय?"

बाबांनी जाळं खाली ठेवलं.

"सगळे उठून चालले होते," ते म्हणाले. "आबा एकलेच म्हनले, अरे, दुसऱ्या पानावर काय आहे ते तं वाच."

मोठेबाबा तसेच उभे राहिले. आता हे काठी उचलतात की काय, असं मला वाटलं. आईसुद्धा आतून धावत दारापर्यंत आली होती. पण त्यांनी पायरीवरची माती हातानं झटकली आणि ते हळूच खाली बसले.

"असाच होता तो," ते म्हणाले. "सोडे नाही कोनाले." आणि गुडघ्यांवर हात ठेवून, नाल्याकडे पाहत, तिथंच बसून राहिले.